रटगर्सला बिग टेन मानवलं का?

एडिसनकर

१ जुलै २०१४ ला आमचं रटगर्स (न्यू जर्सीचं विद्यापीठ) खेळांच्या 'बिग टेन' या गटात गेलं. दहा वर्षं उलटून गेली, तरी दिवाळीच्या फराळाला चार मराठी माजी विद्यार्थी जमले की हा विषय निघतोच. चकल्या संपतात, वाद संपत नाही. म्हणून इथे चर्चेला मांडतोय. माझं मत आधीच सांगतो : हा सौदा विद्यापीठाच्या अंगलट आला.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत कॉलेजांचे खेळ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांमध्ये चालतात. गट मिळून टीव्हीचे हक्क विकतो आणि पैसे वाटून घेतो. यात हरलं म्हणून कोणी खालच्या गटात जात नाही आणि जिंकलं म्हणून वर चढत नाही. वरच्या गटाचं बोलावणं यावं लागतं. बिग टेनमध्ये आज १८ संघ आहेत, नाव मात्र दहाचंच. (फुटबॉल म्हणजे इथला, हातात चेंडू धरून पळायचा.)

नोव्हेंबर २०१२ मध्ये रटगर्स आणि मेरीलँडला हे बोलावणं आलं. खेळ बघून आलं असं कोणी म्हणू नका. बिग टेनची स्वतःची टीव्ही वाहिनी आहे आणि तेव्हा केबलवाले घरटी पैसे मोजायचे. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कची घरं मोजा म्हणजे आम्हाला का घेतलं ते कळेल. पाहुण्यांनी मुलगी नाही, बंगला बघून होकार दिला.

पुढे काय झालं? ८ ऑक्टोबर २०१६, आमच्याच मैदानावर मिशिगनने ७८-० असं धुतलं. मी स्टॅंडमध्ये होतो. पूर्ण सामन्यात आम्ही चेंडू घेऊन ३९ यार्ड पुढे गेलो. तेवढं तर मी त्या दिवशी पार्किंगपासून गेटपर्यंत चाललो असेन, आणि मधे कोणी मला आडवं पाडत नव्हतं म्हणून जास्तच. बिग टेनमधल्या एकाही हंगामात आमच्या फुटबॉल संघाचे गटातले विजय पराभवांपेक्षा जास्त झालेले नाहीत. आणि खेळविभागाची तूट दरवर्षी कोट्यवधी डॉलरची. ती कुठून भरतात? विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून.

तालमीतला गडी

एडिसनकर, तुम्ही फुटबॉलची खिडकी धरून बसलाय, जरा दुसरी उघडा. मी सांगलीकडचा, आता पेनसिल्व्हेनियात. कुस्तीचं बोलतो.

बिग टेन म्हणजे कॉलेज कुस्तीतलं कोल्हापूर. पेन स्टेट, आयोवा, ओहायो स्टेट, सगळे एका आखाड्यात. रटगर्स तिथं गेल्यावर पाचव्या हंगामात, २०१९ ला, त्यांचे दोन पैलवान राष्ट्रीय विजेते झाले. निक सुरियानो १३३ पौंडात आणि अँथनी ॲशनॉल्ट १४९ पौंडात. त्याआधी या विद्यापीठाचा एकही राष्ट्रीय विजेता नव्हता. ॲशनॉल्ट तर तुमच्या शेजारच्या साउथ प्लेनफील्डचा पोरगा. चार वेळा बिग टेन जिंकला.

आमच्याकडं म्हणतात, जोड भारी असल्याशिवाय अंग तयार होत नाही. रोज हलक्याला चितपट करून गावच्या जत्रंतला नारळ मिळतो, गदा मिळत नाही.

एडिसनकर

कुस्तीचं मान्य, टोपी काढली. पण दोन गोष्टी. सुरियानो आधी पेन स्टेटला होता, तिथून आपल्या राज्यात परत आला. म्हणजे तालमीचं थोडं श्रेय त्यांचंही.

दुसरी जास्त महत्त्वाची. कुस्तीसाठी कुस्तीपुरतंच जाता आलं असतं की! जॉन्स हॉपकिन्स बिग टेनमध्ये फक्त लॅक्रोस (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा खेळ) खेळतं, नोत्र दाम फक्त आइस हॉकी. बाकी संसार त्यांचा वेगळा. जिथे ताकद आहे तेवढ्यापुरतं भारी गटात जावं, जिथे नाही तिथे कशाला मार खायचा?

जमाखर्च

कारण फुटबॉल नसलेल्याला कोणी पैसे देत नाही. एवढं साधं आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, रक्कम ७ अब्ज डॉलरच्या वर. त्यात कुस्तीचा वाटा किती असेल ते सुज्ञांनी ओळखावं. रटगर्स आणि मेरीलँडला सुरुवातीची काही वर्षं पूर्ण वाटा मिळत नव्हता हे खरं. नवीन सुनेला तिजोरीची किल्ली पहिल्या दिवशी मिळत नाही.

आणि ही किल्ली मिळावी म्हणून लोक काय काय करतात बघा. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने २०२४ ला एसीसी (ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) गटात जाताना नऊ वर्षं टीव्हीचा पैसा घेणार नाही असं लिहून दिलं. बिनपगारी, फुल अधिकारी! आणि पहिल्याच वर्षी ते गटाच्या अंतिम सामन्यात आणि राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचले. पेन स्टेटने ३८-१० असं हरवलं ती गोष्ट वेगळी. स्टॅनफर्ड आणि बर्कली त्याच गटात ३० टक्के वाट्यावर गेले. 'ॲटलांटिक कोस्ट' नावाच्या गटात पॅसिफिकच्या काठची दोन विद्यापीठं. भूगोलाच्या शिक्षकांनी राजीनामे द्यावेत.

एडिसनकर तूट दाखवतात, पण तुलना कशाशी करायची? २०१२ च्या रटगर्सशी नाही. बोलावणं नाकारलं असतं तर आज जे रटगर्स असतं त्याच्याशी. रटगर्सचा जुना गट, बिग ईस्ट, २०१३ मध्ये फुटलाच. बास्केटबॉलवाली कॅथलिक विद्यापीठं नाव घेऊन वेगळी झाली, उरलेल्यांचा अमेरिकन ॲथलेटिक हा गट झाला. रटगर्स त्यात एक वर्ष काढून बाहेर पडलं. तिथला टीव्हीचा पैसा बिग टेनपुढे चिल्लर. तूट तेव्हाही होतीच की. वाडा पडत असताना शेजाऱ्याने खोली देऊ केली तर भाड्याची घासाघीस किती करणार?

ओमाहाची वहिनी

वाडा पडत होता हे रटगर्सला लागू असेल, पण आमचं नेब्रास्का चांगलं धडधाकट होतं. १९७०, ७१, ९४, ९५, ९७, एवढी फुटबॉलची राष्ट्रीय विजेतेपदं. २०११ ला बिग टेनमध्ये गेले आणि फुटबॉलमध्ये गटाचं एकही विजेतेपद नाही. २०१२ ला अंतिम सामन्यात पोचले, तर विस्कॉन्सिनने ७०-३१ असं लोळवलं.

इथले म्हातारे शेतकरी ओक्लाहोमाच्या सामन्याच्या आठवणी काढतात ना, तेव्हा पंढरपूरच्या वारीबद्दल बोलत असावेत असं वाटतं. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सामना, सगळं राज्य रेडिओजवळ. आता त्या जागी कोणाशी खेळतो हे त्यांना कॅलेंडर बघून सांगावं लागतं. पण खरं बोलायचं तर हे सगळं बिग टेनच्या माथी मारता येत नाही. तो दरवर्षीचा सामना १९९६ ला बिग १२ हा आमचा आधीचा गट झाला तेव्हाच मोडला होता. २०११ ला उरलंसुरलं गेलं.

आता उलट बाजू. माझ्या दोन्ही मुली व्हॉलीबॉल खेळतात, म्हणून हे सांगताना मी तटस्थ नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्काच्या मुलींचा सामना फुटबॉलच्या मैदानात झाला आणि ९२,००३ लोक आले. आम्ही चौघं त्यातले. बिग टेनमध्ये गेल्यावर २०१५ आणि २०१७ ला त्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. पण त्या तर १९९५, २००० आणि २००६ लाही होत्याच! मग गटाने काय दिलं?

तालमीतला गडी

वहिनी, आधी भारी होत्या आणि भारी गटात जाऊनही टिकल्या, हे काय कमी आहे? फुटबॉलवाले टिकले नाहीत, त्याला गट काय करणार.

एलएकर मावशी

पैसा आणि पदकं सगळेच मोजतायत. विमानात बसून गृहपाठ करणारी पोरं कोणी मोजली?

३० जून २०२२ ला यूएसएलए… चुकलं, यूसीएलए आणि यूएससी या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी ओरेगन आणि वॉशिंग्टन. शंभर वर्षांहून जुना पॅक-१२ हा पश्चिमेकडचा गट बघता बघता रिकामा झाला. शेवटी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट दोघंच उरले, पंगत उठल्यावर पत्रावळीपाशी बसलेल्यांसारखे. त्यांनी काय पाप केलं होतं? त्यांच्या गावात टीव्ही कमी.

फुटबॉलचा संघ हंगामात डझनभर सामने खेळतो, बहुतेक शनिवारी आणि खास विमानाने. सॉफ्टबॉल, टेनिस, व्हॉलीबॉलचं तसं नाही. सामने कितीतरी जास्त आणि तेही आठवड्याच्या मधल्या वारी. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सी म्हणजे येताना-जाताना मिळून अकरा-बारा तास हवेत आणि तीन तासांचा वेळेचा फरक. माझी भाची पश्चिमेकडच्या एका कॉलेजात खेळते, नाव नको. तिने मागच्या वर्षी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा घेतलीच नाही, कारण गुरुवारी ती कधीच गावात नसते. फायदा कोणाचा झाला ते तिला विचारा.

आणि हो, यूसीएलए गेलं म्हणून बर्कलीचं नुकसान झालं, त्याची भरपाई यूसीएलएने वर्षाला १ कोटी डॉलर अशी करायची असं दोघांच्या सामाईक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २०२४ ला ठरवलं. सख्ख्या बहिणींमध्ये पोटगी. इथे लोक तिला 'कॅलिमनी'च म्हणतात (कॅल म्हणजे बर्कली, ॲलिमनी म्हणजे पोटगी).

जमाखर्च

मावशी, मुद्दा बरोबर. पण त्याच टीव्हीच्या पैशावर सॉफ्टबॉल आणि टेनिस जगतात. मेरीलँडने २०१२ मध्ये, बिग टेनमध्ये जाण्याआधी, पैसे नाहीत म्हणून सात खेळ बंद केले होते. बंद पडलेल्या संघाला प्रवासाचा त्रास होत नाही, एवढंच काय ते सुख. बाकी ओरेगन पहिल्याच वर्षी बिग टेन जिंकलं, एकही सामना न हरता. प्रवास सगळ्यांनाच बाधतो असं नाही.

एलएकर मावशी

ओरेगनच्या पाठीशी नायकीचे संस्थापक फिल नाइट यांचा पैसा आहे. ते उदाहरण सोडा.

वऱ्हाडी बाणा

मी नागपुरात बसून पहाटे बास्केटबॉल बघणारा माणूस. तुमच्या चर्चेत एक नाव कसं आलं नाही? यूकॉन, म्हणजे कनेटिकट विद्यापीठ!

रटगर्स ज्या फुटलेल्या घरातून बाहेर पडलं त्याच घरात कनेटिकट मागे राहिलं. कोणी बोलावलं नाही. त्यांच्या मुलींचा बास्केटबॉल संघ त्या अमेरिकन गटात सात वर्षं होता आणि गटातला एकही सामना हरला नाही. एकही! सराव म्हणूनसुद्धा निरुपयोगी. मग २०२० ला त्यांनी काय केलं, तर फुटबॉलला गटाविना एकटं सोडलं आणि बाकी खेळ घेऊन बिग ईस्टमध्ये परत गेले. पुरुषांचं विजेतेपद २०२३ आणि २०२४ ला, मुलींचं २०२५ ला. एडिसनकर म्हणतात तेच त्यांनी केलं, ताकद जिथे आहे तिथला गट धरला.

आमच्या विदर्भाचं बघा. २०१७-१८ ला पहिल्यांदा रणजी जिंकली. गट बदलून नाही जिंकली. चंद्रकांत पंडितांसारखा खडूस मास्तर आणला, वसीम जाफरसारखा अनुभवी माणूस आणला, पोरांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली.

जमाखर्च

यूकॉनच्या खेळविभागाची तूटही थोडीथोडकी नाही. करंडक दाखवताना तेही दाखवा. आणि मास्तरचं म्हणाल तर रटगर्सनेही केलंच की. फुटबॉलच्या ग्रेग शियानोला डिसेंबर २०१९ मध्ये परत आणलं, आठ वर्षांचे ३ कोटी २० लाख डॉलर देऊन. बिग टेन नसतं तर ते परवडलं असतं का?

एडिसनकर

बिग टेन नसतं तर एवढे द्यावे लागले असते का, असंही विचारता येईल. अकरा विजयांचा २००६ चा हंगाम याच शियानोने जुन्या गटात, याच्यापेक्षा पुष्कळ कमी पैशात दिला होता. तिसऱ्या क्रमांकाच्या लुइव्हिलला हरवलं त्या रात्री एम्पायर स्टेट बिल्डिंग आमच्या रंगात लाल झाली होती.

पण जमाखर्चांचा वाड्याचा मुद्दा मला दोन दिवस छळतोय. उत्तर पूर्ण सापडलेलं नाही. नाकारून बसलो असतो तर आपणही आज ओरेगन स्टेटसारखे पत्रावळीपाशी असतो, हे पटतं. बास्केटबॉलमध्येही २०२१ ला तीस वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेत गेलो, क्लेमसनला हरवलं. तेव्हा मी घरात एवढा ओरडलो की शेजारच्या पटेलांनी दार वाजवलं. उलट २०२४-२५ ला डिलन हार्पर आणि एस बेली असे दोघं एकाच संघात होते, एनबीएने दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर उचलले, आणि तरी हंगामात विजय १५, पराभव १७. याला गट जबाबदार नाही, हेही लिहून ठेवतो.

माझं एवढंच म्हणणं उरतं : जावं लागलं म्हणा, फायदा झाला म्हणू नका. २०२५ च्या 'हाउस' खटल्याच्या निवाड्यानंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. ओहायो स्टेटला ते सहज जमतं. आमच्याकडे आधीच तूट, त्यात ही नवी पंगत.

ओमाहाची वहिनी

एक भाबडा प्रश्न. पहिला कॉलेज फुटबॉल सामना १८६९ ला रटगर्सने प्रिन्स्टनशी खेळला आणि ६-४ असा जिंकला ना? ते प्रिन्स्टन तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर. ते आयव्ही लीग या आपल्या जुन्या गटातच राहिलं, खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा देत नाही, तरी २०२३ ला बास्केटबॉलमध्ये ॲरिझोनाला हरवून शेवटच्या सोळांत गेलं. तुम्ही त्यांच्यासारखं का नाही राहिलात?

एडिसनकर

वहिनी, त्यांच्या ठेवी ३० अब्ज डॉलरच्या वर आहेत. तेवढे असते तर मीही फोनवर 'नको हो, आम्ही इथेच बरे' म्हटलं असतं. आणि त्यांच्याशी फुटबॉल आम्ही १९८० नंतर खेळलेलोच नाही. शेवटचा जिंकण्यासारखा सामना होता तो, तोही सोडला.