मोती 'वारला' की 'गेला'?

वडिलांवर लेख लिहिते आहे. त्यातलं एक वाक्य: 'मोती वारला त्या रात्री बाबा जेवले नाहीत.' दादाने 'वारला'वर काट मारली. म्हणे, वारतात ती माणसं, कुत्रं मरतं. मला 'मेला' लिहवत नाही. बाबांनी तो शब्द मोतीसाठी घरात कोणाला वापरू दिला नाही, ते 'मोती गेला' म्हणायचे. पण नुसतं 'गेला' लिहिलं तर वाचणाऱ्याला तो पळून गेला असं वाटेल. काय लिहू?

— दादा बरोबर आहेत. वारणे, निवर्तणे, कालवश होणे हे सगळं माणसांचं. जनावरांसाठी 'दगावणे' आहे की. गुरं दगावली, वासरू दगावलं.

— रुग्णही दगावतोच. शिवाय 'दगा' फारसी. त्यापेक्षा 'निवर्तला' लिहा, सरळ संस्कृतातून आलेला शब्द आहे.

— फारसी नको असेल तर 'जनावर'ही काढा. 'जान' असलेला तो जानवर, तोही तिकडूनच आला. मला फार आवडतो तो शब्द. आणि 'मोती निवर्तला' वाचून ताईंना त्यांचे बाबा आठवतील का, याचा विचार करा.

— 'वारणे' हे 'वारा'वरून आलं असणार. प्राण वाऱ्यात मिसळला की वारला. प्राण काय फक्त माणसालाच असतो?

— आवाज जुळला की व्युत्पत्ती झाली असं नसतं हो. कोणाकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ची आवृत्ती असेल तर बघून सांगा.

— आमच्याकडे मांजरं होती. वडील कधी 'मनी गेली' म्हणाले नाहीत, 'ते गेलं' म्हणत. लहानपणी मला ते तुटक वाटायचं. पुढे लक्षात आलं, की बाळ, लेकरू, पाडस, वासरू हे सगळे शब्द नपुंसकलिंगीच आहेत. मांडीवर घ्यावं असं जे जे, त्याला आपली भाषा 'ते' म्हणते. शेवटच्या आजारपणात वडील मला विचारायचे, "ते जेवलं का?" घरात मांजर उरलं नव्हतं. मी "हो, जेवलं" म्हणायचे आणि मग ते औषध घ्यायचे.

— वाचून गलबललो. पण पुस्तक आणि कुलूपही नपुंसकलिंगीच आहेत. लिंगावरून माया मोजता येत नाही.

— मोजत कोण आहे? बापाच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा ठेवावा, एवढंच माझं म्हणणं.

— मूळ प्रश्न मीच विचारला होता. मोती आमच्याकडे 'तो'च होता. नाही, खरं तर आदराचं 'ते'. बाबा त्याला "मोतीशेठ, चला" अशी हाक मारायचे. नुसतं 'यू यू' केलेलं त्यांना आवडत नसे.

— मग 'मोतीशेठ गेले' लिहा ना! 'बाबा गेले' म्हणतो तसंच. आदरार्थी बहुवचन असलं की पळून गेल्याची शंकाही येणार नाही.

— कुत्र्याला आदरार्थी? उद्या कैलासवासी लावाल.

— बाबांनी लावलं होतं, आपण का काढायचं?

— विषय निघालाच आहे तर, 'यू यू' म्हणजे 'ये ये'च ना?

— 'ये'चं 'यू' कसं होईल? आणि मांजराला 'माऊ माऊ' करतात, त्यात 'ये' कुठे आहे?

— 'यू' लांबवता येतो म्हणून असेल. आमचे अण्णा अंधारात दाराशी उभे राहून तो इतका लांबवायचे, की आमच्या वाघ्याबरोबर शेजारची दोन कुत्रीही यायची. अण्णा तिघांनाही भाकरी घालायचे.