मदत हवी आहे: कपलरवर पूर्ण व्होल्टेज, तरी रेडिएटरचा पंखा फिरत नाही

धायरीकर:
नमस्कार मंडळी. गाडी २००३ ची, छोटी पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन), रेडिएटरला एकच पंखा. बाबांनी घेतलेली आहे, त्यामुळे विकायचा सल्ला कृपया नको, तो घरात रोज मिळतो.

लक्षणं अशी: सातारा रस्त्याला लागलो, खंबाटकी चढलो, तरी टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या खाली शांत. तीच गाडी संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर नाहीतर नवले पुलापाशी अडकली की काटा वर सरकायला लागतो. गर्दी सुटून जरा वेग मिळाला की परत खाली. म्हणजे वॉटर पंप, थर्मोस्टॅट वगैरे ठीक असावं, वारा मिळाला की रेडिएटर आपलं काम करतो.

बॉनेट उघडून उभा राहिलो तेव्हा दिसलं ते असं: काटा चढला की रिले (पंख्याला करंट सोडणारा इलेक्ट्रिक स्विच) टक वाजतो, पंखा थरथरतो, कसाबसा अर्धा फेरा मारतो आणि बसतो. एसी लावला तरी तेच.

फ्यूज शाबूत आहे. रिले नाना पेठेतून नवीन आणून लावला. इंजिन चालू ठेवून, पंख्याचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) सोडवून मल्टिमीटर लावला तर १३.८ व्होल्ट. मोटरला बॅटरीवरून थेट वायरी दिल्या तर सुसाट फिरते. मोटर चांगली, व्होल्टेज चांगलं, आणि दोघांची गाठ घातली की बंद!

गॅरेजवाले म्हणतात पुढचं सगळं वायरिंग बदला. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "सर, डॅशबोर्डला बटण देतो, पंखा डायरेक्ट करून टाकू." मला दोन्ही नको आहे. नक्की कुठे बघू? आणि तोवर गाडी चालवावी का?

सदाशिव_३०:
गाडी विका.

धायरीकर:
वाचायची पद्धत आहे का इथे?

तेलकट_हात:
धायरीकर, लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे निम्मं काम झालंय. वायरिंग बदलायची गरज दिसत नाही.

कपलर सोडवून घेतलेल्या त्या १३.८ ला फार किंमत देऊ नका. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वाटेत गंजलेला सांधा असो, एकच तार शिल्लक राहिलेली वायर असो, मीटरपुरता करंट त्यातूनही सहज जातो आणि आकडा पूर्ण दिसतो. पंख्याचं तसं नाही. चालू पंखा दहा अँपिअरच्या आसपास घेतो, आणि सुरू होताना त्याहून बराच जास्त. थांबलेल्या मोटरचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असतो. वाटेत कुठे एक ओहमचा खराब सांधा बसला असेल तर दोन तृतीयांश व्होल्टेज तो सांधाच खातो, मोटरच्या वाट्याला उरतात चार-साडेचार व्होल्ट. मग ती थरथरणार नाही तर काय करणार?

म्हणून मोजायचं ते कपलर जोडलेला ठेवून, लोड चालू असताना. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथून आत शिरते तिथून, बारीक टाचणी सरकवा. वायरचं आवरण भोसकू नका, पुढच्या पावसाळ्यात तिथूनच हिरवं पडतं. इंजिन चालू, एसी चालू, रिले ओढलेला. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा मोटरच्या प्लस टाचणीवर, आकडा लिहून घ्या. मग एक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरा मोटरच्या मायनस टाचणीवर. चांगल्या सर्किटमध्ये दोन्हीकडे दोन-तीन दशांश व्होल्ट दिसतील, वीस वर्षांच्या गाडीला अर्ध्या व्होल्टपर्यंत माफ. ज्या बाजूला मोठा आकडा येईल, दोष त्या बाजूला. मग बॅटरीवरचा प्रोब तिथेच ठेवून दुसरा मोटरकडून बॅटरीकडे एकेक सांधा सरकवत न्यायचा. आकडा जिथे अचानक पडेल, त्या दोन बिंदूंच्या मध्ये चोर.

प्लसकडे निघाला तर फ्यूजचे पाय, रिलेचा सॉकेट आणि कपलर बघा. रिले नवा असला तरी सॉकेटच्या पट्ट्या जुन्याच आहेत, त्या सैल होतात. आणि टक आवाज आला म्हणजे फक्त रिलेच्या आतली कॉइल ओढली गेली. ३० आणि ८७ नंबरच्या पायांमधून करंट जातोय की नाही, ते त्या आवाजावरून कळत नाही.

हात सांभाळा. काही गाड्यांत इग्निशन बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो. मापं घेताना पात्यांपासून लांब, आणि सांधे उघडताना बॅटरीचं मायनस काढलेलं.

भोरची_लेक:
गाडी पुढून कधी ठोकली होती का? डेंटिंग-पेंटिंग झालंय?

धायरीकर:
हो ताई, मागच्या दिवाळीच्या आधी एका टेम्पोने रिव्हर्स घेताना धडक दिली होती. पुढचा क्रॉस मेंबर आणि डाव्या हेडलाइटची बाजू सरळ करून रंगवली. का?

भोरची_लेक:
मग मोजायला मायनसकडूनच सुरुवात करा. पंख्याची अर्थची, म्हणजे मायनसची, वायर बहुतेक गाड्यांत तिथेच कुठेतरी पत्र्याला बोल्टने कसलेली असते. पेंटर सगळं सोडवतो, रंग मारतो, आणि रंगावरच थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) ठेवून बोल्ट आवळतो. मग करंट जातो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. हिवाळ्यात चालून जातं, मार्चनंतर लोक ओरडत येतात. आमच्या वर्कशॉपला दर उन्हाळ्यात अशा गाड्या येतात.

काळीपिवळी:
इलेक्ट्रिशियनच्या बटणाबद्दल. ते लावायचंच असेल तर पंख्याचा पूर्ण करंट बटणातून नेऊ देऊ नका. बारीक वायर तापते, बटण वितळतं. जिथे रिलेची कॉइल अर्थच्या बाजूने चालू होते तिथे बटण त्या कॉइलला द्या. कॉइल साधारण ८० ओहमची, म्हणजे जेमतेम ०.१५ अँपिअर. पण तुमच्या केसमध्ये बटण देऊन काय मिळणार? रिले तर आत्ताही ओढतोय.

आणि तोवर चालवायची की नाही: पहाटे, रिकाम्या रस्त्याला चालवा, संध्याकाळी नको. अडकलातच तर एसी बंद, हीटर फुल, ब्लोअर फुल, काचा खाली. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. एप्रिलात शिक्षा वाटेल, पण इंजिन तापून हेडगॅस्केट जाण्यापेक्षा स्वस्त. काटा लालजवळ गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद.

जुना_बाजार:
रेडिएटर कॅपपण बघून घ्या. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशालाच उकळतं. आणि बऱ्याच गाड्यांचा पंखा सुरूच होतो ९५-९८ ला. मधली सगळी सोय कॅपच्या दाबामुळे. कॅपचं रबर कडक झालं असेल तर पंखा उत्तम असूनही पाणी बाहेर येईल. गरम असताना कॅप उघडू नका हे सांगायला नको, तरी सांगतो. नुसतं पाणी घालत असाल तर तेही बंद करा, कूलंट घाला.

धायरीकर:
मापं घेतली. इंजिन चालू, एसी चालू, कपलर जोडलेला. बॅटरीवर १३.७. प्लसच्या बाजूला ०.३. मायनसच्या बाजूला ९.८! मोटरच्या दोन टाचण्यांमध्ये फक्त ३.६. बेरीज बरोबर जुळतेय.

अर्थचा बोल्ट डाव्या हेडलाइटखाली सापडला. भोवतीचा रंग तपकिरी पडून फुगलाय, हात लावला तर चटका. ताई, तुम्ही फोटोशिवाय ओळखलंत. बॅटरीच्या मायनसवरून पंख्याच्या मायनसला एक जाड वायर तात्पुरती लावून पाहिली, पंखा लगेच पूर्ण वेगाने. आता जुनी अर्थ काढून घासू, की ही नवी वायरच कायम ठेवू?

तेलकट_हात:
दोन्ही करा, पण घासणं आधी. थिंबलच्या आकाराएवढी जागा सॅंडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. बोल्टचे आटेपण साफ. जुनी थिंबल तापून काळी झाली असेल तर कापून तांब्याची नवी, क्रिंप करून. नुसतं पिळून टेप गुंडाळणं नको. कसल्यावर वरून व्हॅसलिन, आत नाही. वेगळी वायर टाकणार असाल तर ४ स्क्वेअर एमएम, एक्झॉस्टपासून लांबून.

झालं की मायनसचं माप परत घ्या, ०.३ च्या खाली आलं पाहिजे. मग एसी बंद करून गाडी आयडलला उभी ठेवा. पंखा आपोआप सुरू होऊन, काटा जरा उतरला की आपोआप बंद झाला पाहिजे, आणि हे दोन-तीनदा बघा. एसीवर पंखा सुरू करायची आज्ञा वेगळी असते, त्यामुळे एसीवर फिरला म्हणजे टेम्परेचर सेन्सरही पास झाला असं नाही.

भोरची_लेक:
त्याच बोल्टला हेडलाइटची अर्थ असेल तर डाव्या दिव्याचा उजेडही वाढेल. आणि पंख्याचा कपलर आतून एकदा बघा. मायनसची पिन तपकिरी असेल किंवा प्लास्टिक मऊ पडलं असेल तर नाना पेठेत वायरसकट मिळतो, जुना बरोबर घेऊन जा.