नवरा फक्त शनिवार-रविवारी घरी असेल तर ओव्ह्युलेशनचं गणित कसं जमवायचं?

निशिगंध
बाळासाठी प्रयत्न सुरू आहेत. माझं वय ३१, नवऱ्याचं ३३. पाळी चुकत नाही, पण २९ ते ३४ दिवसांत कधीही येते. मी नाशिकला, नवरा नोकरीसाठी पुण्याला. शुक्रवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे निघतो. ओव्ह्युलेशनची (बीजांड बाहेर पडण्याची) वेळ दाखवणारी लघवीची स्ट्रिप नेमकी आठवड्याच्या मधेच गडद होते. ॲप चौदावा दिवस दाखवतं, तो मला लागू नाही एवढं कळलंय.

स्ट्रिप बुधवारी पॉझिटिव्ह आली तर आधीच्या रविवारचा संबंध उपयोगी पडतो का, की तो महिना गेलाच समजायचा? स्ट्रिपच्या आधी चाहूल लागेल असं घरी काही बघता येतं का? आणि नवऱ्याने आठवडाभर 'साठवून' ठेवणं चांगलं की वाईट?

ओपीडी_दुपारची
महिना गेला असं अजिबात समजू नका. बीजांड बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू मात्र गर्भाशयमुखाच्या चांगल्या स्रावात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून बीजांड सुटल्यावर धावपळ करण्यापेक्षा शुक्रजंतू आधीच गर्भनलिकेपाशी पोचलेले असणं महत्त्वाचं. अमेरिकेतल्या विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२१ बायकांच्या रोजच्या लघवीतली हार्मोन्स तपासली होती. त्यात जेवढ्या गर्भधारणा झाल्या त्या सगळ्या ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांतल्या संबंधांतून होत्या. पाच दिवस आधी शक्यता साधारण १० टक्के, प्रत्यक्ष दिवशी साधारण ३३ टक्के. दुसऱ्या दिवसापासून काही नाही.

आता तुमचं गणित. पाळी लांबते ती पहिल्या भागात. ओव्ह्युलेशनपासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ त्या मानाने ठरलेला असतो, बहुतेकींचा १२ ते १४ दिवस. म्हणजे दिवस पुढच्या पाळीकडून मागे मोजायचे. २९ वजा १४ म्हणजे १५, ३४ वजा १४ म्हणजे २०. तुमचं ओव्ह्युलेशन १५व्या ते २०व्या दिवसात कुठेही, आणि उपयोगाचे दिवस १०व्यापासून सुरू. उत्तरार्ध १२ दिवसांचा असेल तर हे सगळं एक-दोन दिवस पुढे सरकेल.

वारांचा हिशोब मांडून बघा. ओव्ह्युलेशन शनिवार ते मंगळवार यांपैकी कधीही झालं तर तुमचं चांगलं जमतंय, काही वेगळं करायला नको. बुधवारी झालं तर रविवार रात्र तीन दिवस आधीची, ठीक आहे. सगळ्यात अडचणीचा वार गुरुवार: रविवार चार दिवस मागे पडतो आणि शुक्रवारी रात्री नवरा येईपर्यंत बीजांड बहुधा संपलेलं असतं. शुक्रवारी झालं तर रविवार पाच दिवस मागे, पण शुक्रवारची रात्र कदाचित हाताशी लागते.

बुधवारी स्ट्रिप पहिल्यांदा गडद झाली तर बीजांड साधारण २४ ते ३६ तासांत सुटतं, म्हणजे गुरुवार-शुक्रवार. त्या वेळी शुक्रवार रात्रीची वाट बघू नका. बुधवारी रात्री किंवा गुरुवारी एकत्र या. दर वेळी त्यानेच यायला हवं असंही नाही, तुम्हीही पुण्याला जाऊ शकता.

सुट्टी आधीच टाकायची असेल तर एक सोपी खूण आहे. पाळीचा १५वा दिवस नेहमी पहिल्या दिवसाच्याच वारी येतो. पाळी बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवारी सुरू झाली तर १५ ते २० या दिवसांत मधोमध शनिवार-रविवार सापडतो, त्या महिन्यात सुट्टी वाया घालवू नका. पाळी सोमवारी किंवा मंगळवारी सुरू झाली की अडचणीचा गुरुवार बरोबर १७वा-१८वा दिवस असतो. सुट्टी त्या महिन्यात, बुधवार-गुरुवारची घ्या. पाळीचा पहिला दिवस म्हणजे चांगला लाल रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या दिवशीचे डाग धरायचे नाहीत.

अबोली_२
स्ट्रिपच्या आधी चाहूल देणारी गोष्ट म्हणजे अंगावरून जाणारं पाणी. आपल्याकडे 'पांढरं जातंय' म्हटलं की आजारच समजतात आणि नेमकी हीच खूण धुऊन टाकतात.

पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं वाटतं. मग चिकट, तुटणारा, पेस्टसारखा स्राव येतो. नंतर तो लोशनसारखा दुधट होतो. आणि ओव्ह्युलेशन जवळ आलं की पारदर्शक, बुळबुळीत, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा. लघवीला जाण्याआधी टिश्यूने पुढून मागे पुसा, टिश्यूवरचा स्राव अंगठा आणि तर्जनी यांच्यात घेऊन बोटं हळूच लांब करा. तार दोन-तीन सेंटिमीटरवर तुटली तर अजून वेळ आहे, पाच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त न तुटता ताणली गेली तर सुपीक दिवस चालू आहेत. काहींना ताणणारा स्राव दिसत नाही, नुसतं ओलं आणि घसरडं वाटतं, तेही धरा. असा स्राव ज्या शेवटच्या दिवशी दिसतो, त्याच्या आगेमागे एक-दोन दिवसांत ओव्ह्युलेशन होतं. तो शेवटचा दिवस होता हे दुसऱ्या दिवशी कोरडं पडल्यावरच कळतं, म्हणून पहिल्या ओल्या दिवसापासूनच सुरुवात करायची.

फसगत कुठे होते: संबंधानंतर दुसऱ्या दिवशी वीर्याचा ओलावा स्रावासारखाच वाटतो, तो ताणला तर लगेच तुटतो. सोमवारची नोंद त्यामुळे तुमच्यासाठी कच्ची धरा. दह्यासारख्या गुठळ्या, खाज, हिरवट-पिवळा रंग किंवा माशासारखा वास असेल तर तो संसर्ग आहे, आधी उपचार घ्या. आणि बोट आत घालून तपासायची काही गरज नाही.

तापमापक
तापमानाचं लगेच सांगून टाकतो, कारण अनेक जण उलटं वापरतात. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पाणीही न पिता, तोंडात थर्मामीटर धरून रोज एकाच वेळी मोजायचं. ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे तापमान साधारण ०.३ अंश सेल्सिअस, म्हणजे अर्धा अंश फॅरनहाइट वर जातं आणि वरच राहतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस वर असेल तर ओव्ह्युलेशन होऊन गेलं असं धरतात. 'होऊन गेलं' हे महत्त्वाचं. तापमान वाढलं म्हणून त्या रात्री नवऱ्याला बोलावण्यात अर्थ नाही. दोन-तीन महिने नोंद ठेवली तर आपला उत्तरार्ध १२ दिवसांचा की १४, हे मात्र पक्कं कळतं आणि वरचं वजाबाकीचं गणित नेमकं होतं. सेल्सिअसचं थर्मामीटर दोन दशांश दाखवणारं हवं. फॅरनहाइटचं एक दशांशाचं चालतं. ताप, रात्रपाळी, दारू किंवा तुटक झोप असेल त्या दिवसाचा आकडा सोडून द्या.

लॅब_बाजूची
स्ट्रिपविषयी, कारण यात बारीक चुका फार होतात.

प्रेग्नन्सीच्या पट्टीत फिकट रेघही पॉझिटिव्ह असते. इथे तसं नाही. टेस्टची रेघ कंट्रोलच्या (पट्टी नीट चालते हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद हवी. एलएच (बीजांड सुटायला लावणारं हार्मोन) थोडं तर रोजच असतं, म्हणून फिकट रेघ बहुतेक दिवस दिसतेच. सर्वात लहान चक्रातून १७ वजा करा, त्या दिवसापासून सुरुवात. तुमच्यासाठी १२वा दिवस. पहाटेची पहिली लघवी नको, कारण एलएचची उसळी बऱ्याचदा सकाळी रक्तात सुरू होते आणि लघवीत काही तासांनी दिसते. दुपारच्या सुमारास, त्याआधी दोनेक तास लघवी न करता आणि भरपूर पाणी न पिता तपासा. रेघ गडद व्हायला लागली की संध्याकाळी आणखी एक. काहींची उसळी दिवसभरही टिकत नाही, दिवसातून एकच स्ट्रिप असेल तर ती निसटते. पट्टी 'मॅक्स'च्या रेषेपलीकडे बुडवू नका, पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचा. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून पाहिलेली रेघ धरायची नाही. एकाच प्रकाशात मोबाइलवर फोटो काढून शेजारी शेजारी लावले की फरक नीट दिसतो.

पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोन-बिघाड) असेल तर एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं, मग स्ट्रिप दिवसेंदिवस गडद येते आणि बीजांड सुटतच नाही. क्लोमिफीन (बीजांड सुटण्यासाठी देतात ती गोळी) चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर किमान तीन दिवस स्ट्रिप करू नका, खोटी पॉझिटिव्ह येते. शिवाय त्या गोळीने काहींचा स्राव कोरडा पडतो, मग अबोलीताईंनी सांगितलेली खूणही नीट दिसत नाही.

स्ट्रिप एलएच दाखवते, बीजांड सुटल्याचा पुरावा देत नाही. पुरावा हवा तर पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी. कागदावर 'डे २१' लिहिलेलं असतं ते २८ दिवसांच्या चक्रासाठी. ३४ दिवसांच्या चक्रात ती २७व्या दिवशी करावी लागते. २१व्याच दिवशी रक्त दिलं आणि आकडा कमी आला म्हणून औषधं सुरू झाली, असं होता कामा नये. ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर ओव्ह्युलेशन झालंय.

निशिगंध
खूप आभार. माझी पाळी बहुतेक सोमवारीच सुरू होते, आता गोंधळ कळला. साठवून ठेवण्याचं राहिलं. आणि सासरी सांगतात की पाळीपासून सम रात्री निवडा म्हणजे मुलगा होईल. याचं काय उत्तर द्यावं?

ओपीडी_दुपारची
साठवून काही मिळत नाही. पाचपेक्षा जास्त दिवसांचा खंड पडला की संख्या थोडी वाढली तरी जुन्या शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. रोज संबंध आले तरी सामान्य पुरुषाच्या वीर्याचं नुकसान होत नाही. सुपीक दिवसांत रोज किंवा एक दिवसाआड, जे सहज जमेल ते. तुमच्या बाबतीत शुक्रवार ते रविवार तिन्ही रात्री चालतील. आणि नवऱ्याला दर वेळी स्ट्रिपचा फोटो पाठवून 'आजच' म्हणू नका. हुकमावर ताठरता येत नाही असे पुरुष ओपीडीत नेहमी दिसतात, दोष शरीरात नसतो, दडपणात असतो.

संबंधानंतर पाय वर करून पडून राहायची गरज नाही. वीर्य बाहेर येतं ते सगळ्यांचंच येतं, शुक्रजंतू तोवर गर्भाशयमुखात शिरलेले असतात. कोरडेपणा असेल तर थुंकी किंवा ऑलिव्ह तेल वापरू नका, शुक्रजंतूंची हालचाल कमी होते. बाजारातल्या अनेक वंगण-जेलींनीही तेच होतं. हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोजवर आधारित, गर्भधारणेसाठी चालणारं जेल मागून घ्या.

सम-विषम रात्रींचं मनुस्मृतीत आहे, शरीरात नाही. मुलगा की मुलगी हे शुक्रजंतूत एक्स आहे की वाय यावर ठरतं आणि दिवस निवडून ते बदलत नाही. वर सांगितलेल्या १९९५च्या अभ्यासातही दिवसाचा आणि बाळाच्या लिंगाचा संबंध आढळला नाही. सासरी मी एवढंच सांगेन: सम रात्रींच्या नादात निम्मे उपयोगाचे दिवस फुकट जातात. कोणी गर्भधारणेआधी मुलगा होण्याचं औषध किंवा तंत्र विकत असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिवड रोखणाऱ्या) कायद्याने तो गुन्हा आहे.

खाडीपार
ज्यांचा जोडीदार आखातात किंवा जहाजावर आहे त्यांच्यासाठी: शनिवार-रविवारही मिळत नसेल तर निघण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं आणि ओव्ह्युलेशनच्या वेळी आययूआय (वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडणं) करतात. दोघांचीही लेखी संमती लागते. गोठवताना काही शुक्रजंतू मरतात, त्यामुळे आधी तपासणी करून किती नमुने ठेवायचे ते ठरवावं.

ओपीडी_दुपारची
@खाडीपार बरोबर. निशिगंध, ३५च्या आत एक वर्ष, ३५ किंवा पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून मग तपासण्या, हा सर्वसाधारण नियम. पण चक्र २१ पेक्षा लहान किंवा ३५ पेक्षा लांब, पाळीत असह्य दुखणं, पूर्वी क्षयरोग किंवा ओटीपोटाचा संसर्ग, नवऱ्याला गालगुंडात अंडकोषाला सूज आलेली किंवा लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर थांबू नका. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच टप्प्यात करा, दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून. स्वस्त आणि बिनत्रासाची आहे, तरी ती शेवटी होते आणि तोवर बाईच्या सगळ्या तपासण्या होऊन बसलेल्या असतात.

स्ट्रिप आणि स्राव दोन्हींनी काही उमगत नसेल तर एका चक्रात फॉलिक्युलर स्टडी (बीजांडाची पिशवी, म्हणजे फॉलिकल, किती वाढली ते बघणं) करून घ्या. तुमच्यासाठी १२व्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी. मुख्य फॉलिकल रोज साधारण २ मिलिमीटरने वाढतं आणि १८ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान फुटतं. सोमवारी १६ दिसलं तर बुधवार-गुरुवारचं तिकीट काढता येतं. डॉक्टरांनी फॉलिकल फुटण्यासाठी एचसीजी या हार्मोनचं इंजेक्शन दिलं तर फॉलिकल साधारण ३६ तासांनी फुटतं, त्या वेळेला नवरा कुठे असेल ते इंजेक्शनची वेळ ठरवतानाच सांगा. इंजेक्शननंतर दहा-चौदा दिवस प्रेग्नन्सीची पट्टी, तीही एचसीजीच शोधते म्हणून, खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

फॉलिक ॲसिड अजून सुरू नसेल तर आजच करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. दुकानात न विचारता ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असलेल्यांसाठी आहे, आपली कोणती ते डॉक्टरांना विचारून घ्या.