ज्येष्ठेच्या शेजारचे तारकागुच्छ

वृश्चिक राशीतील ज्येष्ठा या ताऱ्याचे वर्णन बहुधा त्याच्या तांबूस तेजावरून केले जाते. त्यात एक भर घालावीशी वाटते. त्या महाराक्षसी, म्हणजे प्रचंड आकाराच्या, ताऱ्यापाशीच न थांबता दुर्बीण जेमतेम सव्वा अंश पश्चिमेला सरकवली, तर एम ४ (मेसियेच्या यादीतील चौथा) हा गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा चेंडूसारखा पुंजका, धूसर डागासारखा दिसतो. ज्येष्ठा सुमारे ५५० प्रकाशवर्षांवर, तर हा गुच्छ सुमारे ६,००० प्रकाशवर्षांवर असल्यामुळे त्यांचे सान्निध्य केवळ दृष्टिरेषेपुरते आहे. या गुच्छाचा प्रकाश पसरट असल्याने शहराच्या उजेडात तो हरवतो, म्हणून अंधारे आकाश हवेच. ज्येष्ठेच्या वायव्येकडील एम ८० हा असाच दुसरा गुच्छ लहान, पण अधिक घट्ट आहे. महाराष्ट्रातून ज्येष्ठा सुमारे ४५ अंश उंच चढते, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी, मेअखेरची मध्यरात्र या निरीक्षणाला उत्तम.