मांजराचे केस गळतायत की चाटून तुटतायत?
घर बदलल्यावर मांजराचे केस जायला लागले या प्रश्नाला वर कुणीतरी स्ट्रेस हे कारण दिलंय, ते अगदीच चूक नाही, पण घर बदललं म्हणून टेन्शन आलं असं लगेच धरून बसू नका, बाकी सगळं तपासून झाल्यावर मग ते म्हणायचं. आमच्या बोक्याचं पोट आणि मागच्या मांड्यांची आतली बाजू पार सफाचट झाली होती, कातडी मात्र गुळगुळीत, ना खपली ना पुरळ, आणि आम्ही ठासून सांगत होतो की तो चाटत नाही, केस आपोआप गळतायत. डॉक्टरांनी चार केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघितले तर टोकं तुटलेली. आपोआप गळलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं म्हणे, म्हणजे साहेब आम्ही झोपल्यावर कार्यक्रम उरकत होते.

कारण निघालं पिसवा. "आमच्याकडे पिसवा नाहीत" हे मीही म्हणायचो, पण मांजर चाटताना त्या गिळून टाकतं त्यामुळे दिसतच नाहीत. शेपटीच्या बुडाशी बारीक फणी फिरवा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा, तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण. आणि प्लीज, कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, बऱ्याच औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला विष आहे. खोबरेल तेल लावायला सुचवलंय कुणीतरी, ते चाटून पोटातच जाणार ना! गोल चट्टे आणि कोंडा दिसला तर मात्र नायट्याची शंका घ्या, तो आपल्यालाही लागतो.