दिवाळीच्या सुट्टीत तंबूत दोन रात्री: बामणोली, तापोळा की धोम? सोबत आई आणि दोन लहान मुलं

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली की दोन रात्री तंबूत राहायला जायचा बेत आहे. आम्ही पाच जण: मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, जमिनीवर बसलं की उठायला हात द्यावा लागतो. पण तिला यायचंय, आणि मलाही तिला मागं ठेवून जायचं नाही.

कोयना धरणाच्या पाण्याकाठी, बामणोली-तापोळ्याला असलेल्या कितीतरी कॅम्पचे फोटो बघितले. सगळीकडं तेच: पाण्याकडेला तंबू, बल्बच्या माळा, शेकोटी. वाईचा मित्र म्हणतो धोम धरणाकडं या. ऑफिसातला एक जण म्हणतो पुण्याहून कॅम्परव्हॅन भाड्यानं घ्या, आईंना निदान पलंग मिळेल. निवडायचं कशावरून? लहान मुलांना घेऊन जे खरंच राहून आलेत त्यांनी सांगा.

जावळीची बाई (मेढा)

दादा, मी मेढ्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. माझं आजोळ कोयनेच्या पाण्यात गेलेलं, त्यामुळं या पाण्याविषयी मनापासून लिहिते.

शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ही पाण्यानं भरलेली दरी आहे. गावातल्या तळ्यासारखा त्याला उथळ काठ नसतो. आज जिथं तंबू लावतात तो डोंगराचा उतार. आजी सांगायची, त्यांची भाताची खाचरं पार खाली होती आणि गुरं वर चरायला यायची. ती चरायची जागा म्हणजे आताचा काठ. पाऊस चांगला झाला असेल तर दिवाळीला धरण जवळपास भरलेलं असतं. कडेला घोट्याएवढं पाणी दिसतं, दोन पावलं पुढं कमरेएवढं, आणि तिसरं पाऊल टेकतच नाही.

उन्हाळ्यात वेगळीच गत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तिघी बहिणी सात मुलं घेऊन अशाच एका कॅम्पवर गेलो होतो. पाणी खूप खाली गेलेलं, तंबू आणि पाण्याच्या मध्ये गाळाचा रुंद पट्टा. वरून वाळून भेगाळलेला, पांढुरका, बघून वाटावं की क्रिकेट खेळता येईल. सहा वर्षांचा भाचा चेंडूमागं पळाला. पाच-सहा पावलं जमीन टणक लागली, मग वरचा पापुद्रा फुटला आणि पोरगं मांडीपर्यंत आत. खालचा गाळ काळा, लोण्यासारखा. मी ओढायला गेले तर माझाही पाय रुतायला लागला. शेवटी स्वयंपाकाला आलेल्या गावातल्या मामांनी जेवणाच्या टेबलाची फळी आणून आडवी टाकली, तिच्यावर पालथे झोपले आणि त्याच्या पायाभोवतीचा गाळ दोन्ही हातांनी उकरून काढला. तेव्हा कुठं पाय सुटला. एवढा वेळ तो रडलासुद्धा नाही, फक्त माझं मनगट धरून होता. त्या कॅम्पवर ना दोरी होती, ना पाटी, ना पाण्याकडं लक्ष ठेवणारा माणूस. फोनला रेंजही नव्हती.

तेव्हापासून मी फोटो बघतच नाही, फोन करते. पहिला प्रश्न हाच: शेवटच्या तंबूपासून पाणी किती पावलांवर, आणि मध्ये कुंपण आहे का? मीटर सांगायला लागले तर म्हणते, पावलं मोजून सांगा. मग संडास: कमोड आहे का, वाटेत पायऱ्या किती, आणि जनरेटर बंद झाल्यावर त्या वाटेवर उजेड राहतो का. तुमच्या आईंना रात्री दोनदा तरी उठावं लागेल आणि मुलगा एकदा. त्या वाटेवर तुमची सगळी सहल अवलंबून आहे, असं समजा.

रात्री जागा कोण असतो हेही विचारा. शनिवारी मोठे ग्रुप येतात, स्पीकर चालतो, दारू चालते. कुटुंबांचे तंबू वेगळ्या बाजूला नसतील तर रविवार ते मंगळवार जा, सुट्टीच आहे तुम्हाला. आणि शेकोटी झाडाखाली पेटवत असतील तर मान वर करून बघा. आपल्याकडं आग्या मोहोळ मोठ्या झाडांवर असतं, धूर लागला की माश्या उठतात. मग कोणी कुठंही पळो.

बोटीत बसणार असाल तर लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का हे आधी विचारा. मोठ्या माणसाचं जॅकेट चार वर्षांच्या पोराला घातलं तर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि पोर खालून निसटतं. लहान जॅकेट नसेल तर बोट नको. मुलगी हट्ट करील, करू दे.

वासोटा किल्ल्याचा विचार यावेळी सोडा. बोट, वनखात्याची परवानगी, दिवसभराची चढण, हे तुमच्या आईंना आणि धाकट्याला झेपणार नाही.

तुमच्या घरच्यांसाठी मी धोम म्हणेन. काठाला पाणी तिथंही खोलच, पावलांचा प्रश्न तिथंही विचारायचा. पण वाई जवळ आहे, डॉक्टर, औषधं मिळतात. आणि आईंना दिवसा करण्यासारखं काही आहे: ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट, तिथली वसईहून आणलेली ती मोठी घंटा. तंबूत दिवसभर बसवून त्यांना कंटाळा आणू नका.

मिरजेची सिस्टर

ताईंनी रात्रीच्या वाटेचं लिहिलं ते फार बरं केलं. मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात काम केलंय, म्हणून एकच गोष्ट जोडते: मण्यार.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, दात लागल्याची खूणही कधी दिसत नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय, उलटी होतेय म्हणून उठतो आणि मग पापण्या जड व्हायला लागतात. घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं, आणि त्यात तास निघून जातात. तंबूला शिवलेला तळ हवा, चेन शेवटपर्यंत लागायला हवी. दुपारी सामान ठेवताना स्वतः ओढून बघा, मधेच अडकणारी चेन असेल तर तंबू बदलून मागा. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. खाऊचे पुडे तंबूत ठेवू नका, खाऊला उंदीर येतात आणि उंदरामागं साप. संडासला जाताना बॅटरी पायाशी धरा, मोबाईलच्या उजेडावर भागवू नका.

काही झालंच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही. १०८ला फोन करा. सर्पदंशाची लस कुठल्या दवाखान्यात आहे हे कॅम्पवाल्याला जायच्या आधी विचारून ठेवा. उत्तर ज्याच्या तोंडावर तयार असेल त्याच्याकडं मी माझी मुलं नेईन.

कराडचा गाडीवाला

कॅम्परव्हॅनबद्दल. राज्यानं २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण तेवढ्यावर धरणकाठी व्हॅनची सोय असेल असं धरून चालू नका. जागेवर १६ अँपिअरचा पॉइंट, पाणी भरायचा नळ आणि संडासाची टाकी रिकामी करायची जागा लागते. पहिली दोन कुठंतरी मिळतील, तिसरं विचारलं की समोरचा गप्प होतो. तोंडी "करू काहीतरी" म्हणाले तर समजा ते पाणी धरणात जाणार. असं करू नका, ते पाणी माणसं पितात. शिवाय साताऱ्याहून बामणोलीला जाताना लागणाऱ्या यवतेश्वराच्या घाटात सुट्टीच्या गर्दीत लांब गाडी वळवणं सोपं नाही. मी दोनदा नेली, आईंना घेऊन नेणार नाही.

विश्रामबागकर (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हॅन रद्द. काल तीन ठिकाणी फोन केले. पहिल्यानं पावलांचं विचारल्यावर "साहेब, सगळं सेफ आहे, या तुम्ही" एवढंच सांगितलं. दुसऱ्यानं फोन ठेवला. तिसरी धोमच्या बाजूची जागा, एका बाईंनी फोन उचलला. "थांबा, मोजूनच सांगते" म्हणाल्या आणि फोन कानाला लावून चालायला लागल्या. मला त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. तंबू ते संडास ३४ पावलं, पायरी एकच. तंबू ते पाणी १२०, मध्ये तारेचं कुंपण आणि फाटकाला कडी, कडी मुलांच्या हाताला न पोचणारी. आईसाठी तंबूत दिवाण टाकून देतील.

येत्या रविवारी एकटा जाऊन बघून येतो. तंबूची चेन ओढून बघणार आहे. सिस्टर, लसीचं विचारायचं राहिलं, ते तिथं गेल्यावर विचारून इथं लिहितो.