नाशिक: घरात हाकेला धावत येणारं पिल्लू बाहेर ओळखच देत नाही, काय करावं?

मखमलाबादकर:
आमच्याकडे पाच महिन्यांचं गावठी पिल्लू आहे, नाव चिवडा. (लेकीने ठेवलंय, हसून घ्या.) घरात हाक मारली की फरशीवरून घसरत येतो. बाहेर मात्र आम्ही कोण आणि तो कोण! घरामागे मोकळा प्लॉट, त्यापलीकडे द्राक्षबाग. परवा संध्याकाळी पट्टा काढला, तर हा आधी दुसऱ्या कुत्र्यांमागे आणि तिथून थेट बागेत. मी 'चिवडा, चिवडा' ओरडत मागे. तो थांबतो, शेपटी हलवतो, मी जवळ गेलो की पुन्हा पसार. अर्धा तास हेच. रस्त्यावरच्या एका काकूंनी विचारलंसुद्धा, "पाव किलो कसा दिला?" शेवटी आपणहून आला तेव्हा डोकं तापलेलं होतं, दोन चापट्या दिल्या. ट्रेनर न लावता घरच्या घरी जमेल का? आणि सरावाला जागा कुठली बरी?

गोदाकाठची:
चापट्या दिल्यात तिथेच घोळ झाला. तुमच्या लेखी त्या पळाल्याबद्दल होत्या, त्याच्या लेखी परत आल्याबद्दल. पुढच्या वेळी तो लांबच थांबेल. आणि मागे धावू नका हो, पिल्लाला ती पकडापकडी वाटते, राज्य तुमच्यावर. उलट दिशेला पळा, उकिडवे बसा, जमिनीत काहीतरी सापडल्यासारखं करा. पिल्लू बघायला येतंच.

'चिवडा' ही हाक आता वाया गेली असं समजा. दिवसभर आपण 'चिवडा नको, चिवडा सोड' करत असतो, मग त्या नावाचा अर्थ काय उरतो? बोलावण्यासाठी एक वेगळा शब्द घ्या, घरात एरवी कुणी न वापरणारा. शिट्टीही चालते, तिच्यात आपला राग ऐकू येत नाही. पहिले काही दिवस घरातच: शब्द उच्चारायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. शब्द आधी, खाऊ मागून. पुडी दाखवून बोलावलंत तर तो पुडीकडे बघून येईल, शब्द कानात शिरणारच नाही. मग जिना, पार्किंग, आणि सगळ्यात शेवटी प्लॉट.

बाहेर आला की आधी गळपट्ट्याला हात लावा, मग खाऊ द्या आणि परत खेळायला सोडून द्या. हे सोडून देणंच बहुतेक लोक विसरतात. फक्त घरी न्यायच्या वेळी बोलावलं तर हाक म्हणजे मजा संपली, हे कुत्रं चार दिवसांत ओळखतं. आंघोळीला, औषधाला तर हाक मारूच नका, जाऊन उचलून आणा.

जुना जाणता:
आमच्या वेळी असले लाड नव्हते. खाऊ दिल्याशिवाय न येणारा लाचखाऊ कुत्रा काय कामाचा?

गोदाकाठची:
काका, लाच कामाआधी देतात. काम झाल्यावर मिळतो तो पगार.

निफाडचा:
पट्टा काढायची घाई झालीये. जनावरांच्या दोऱ्या मिळतात तिथून कासऱ्यासारखी दहा-पंधरा मीटर सुती दोरी घ्या. नायलॉनची नको, झटका बसला की तळहात सोलून निघतो. गळ्याला बांधू नका, हार्नेसला बांधा. टोकाला गाठ ठेवू नका, झुडपात अडकते. हाक एकदाच मारा. आला नाही तर ओढत आणायचं नाही, दोरी गोळा करत तुम्हीच जवळ जा आणि कमी अंतरावरून परत बोलवा.

आणि बागेत जाऊ देऊ नका, हे ठासून सांगतो. फवारणी असतेच, पण खुद्द द्राक्ष कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतं, मनुका-बेदाणेसुद्धा. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. वेलीखाली पडलेले मणी खाताना दिसला तर उलटीची वाट न बघता डॉक्टर गाठा.

मखमलाबादकर:
द्राक्षाचं खरंच माहीत नव्हतं! खाल्लं की नाही ते पाहिलंच नाही. सध्या तरी ठणठणीत आहे. डॉक्टरांना आत्ताच फोन करतो.

पंचवटी एक:
जागेबद्दल: गोल्फ क्लब मैदान सुरुवातीला नको, चालणारी माणसं आणि क्रिकेटचे चेंडू. कुणा ओळखीच्याचा कुंपण घातलेला प्लॉट मिळाला तर सोनंच. वेळ पहाटेची नको, तिन्हीसांजेचीही नको. तुमच्या भागात शेतं आहेत आणि बिबट्याला कुत्रं सोपं सावज. खाऊ म्हणून खरा चिवडा मात्र देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला वाईट.

मखमलाबादकर:
तीन आठवड्यांनी लिहितोय. वरचा वाद वाचून लेकीने 'पगार' हाच शब्द ठरवला. घरात आणि पार्किंगमध्ये शंभर टक्के. प्लॉटवर, दोरी लावून, पंधराएक मीटरवरून येतो, कान मागे टाकून. काल शेळ्यांचा कळप आला आणि साहेबांनी पगार नाकारला. दोरी हातात होती म्हणून निभावलं. काकूंनी आज विचारलं, "तुमच्या घरी रोज पगार होतो का हो?"

निफाडचा:
शेळ्या म्हणजे त्याच्यासाठी जत्रा, पंधरा मीटर काय कामाचे? कळप लांब, पार टोकाला दिसत असताना दोरीवर सराव करा, चिकन जरा मोठं द्या, आणि त्याने मान वळवली की तेवढ्यालाही द्या. सहा-सात महिन्यांचा झाला की पुन्हा कान बंद करेल. दोरी वर्षभर तरी अडगळीत टाकू नका.